मागच्या खोलीतले कौल

तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि मी आज तुम्हाला पहिले पत्र लिहीत आहे. तुमच्या हयातीत तसा प्रसंग आला नाही. मत्स्यालयाच्या मागच्या खोलीचे तुम्ही राखणदार होता आणि मी अधीक्षक. माझ्याकडून तुमच्याकडे जे कागद येत त्यांना पत्र म्हणत नसत, आदेश म्हणत. आणि तेही मलाच वाचून दाखवावे लागत, कारण तुमचा चष्मा नेहमी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात राहिलेला असे. माझी पत्नी गेल्या गणेशचवथीनंतर वारली. घरात बोलणे थांबले, म्हणून लिहिणे सुरू झाले असावे. तुम्ही तिला वयनी म्हणत होता, ती तुम्हाला भाऊ म्हणे. या घराशी तुमचे जे नाते होते ते बहुतेक तिच्याच बाजूने होते. माझ्या बाजूने हजेरीपत्रक होते. तरीही जे सांगायचे आहे ते तुम्हालाच सांगितले पाहिजे, कारण ते पूर्ण कळेल असे दुसरे कोणी आता उरलेले नाही.

मत्स्यालयाचे नूतनीकरण होणार आहे. ते व्हायला हवेच होते. खाऱ्या वाऱ्याने छताच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, दर्शनी टाक्यांच्या काचा धुरकटल्या आहेत, आणि मुले काचेला नाक लावून मासा शोधतात तेव्हा त्यांना प्रथम स्वतःचेच नाक दिसते. सध्याची अधीक्षक डिचोलीकडची मुलगी आहे. कामाला चोख, बोलायला स्पष्ट. मध्यंतरी ती नकाशांची गुंडाळी घेऊन पेडण्याला माझ्या घरी आली. जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"हा बोगदा, सर. माणसं मधून चालणार आणि मासे डोक्यावरून जाणार. इकडे जेलीफिश. हा सेल्फी पॉइंट. माशांपेक्षा सेल्फीला जागा जास्त आहे, पण ते असो."

"आणि मागची खोली?"

तिने नकाशावर बोट ठेवले. "इथे कॉफी शॉप आहे."

"काळुंदर मासे कोठे जाणार?"

"त्यांना पुढे एक गोल टाकी दिली आहे. स्टीलची, आतून दिवे लावलेली. तिथे जोडी अंडी घालेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून तर आले."

तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही, तरी आजची स्थिती सांगतो. खाडीकाठचे बांध जागोजागी फुटले आहेत आणि दुरुस्त करायला कोणी उतरत नाही. बाहेरून आणून सोडलेल्या तिलापी माशांनी खाजणाची, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीची, पाणथळे भरली आहेत. जाळे टाकले तर दहांत एखादे काळुंदर लागते, तेही हाताच्या बोटाएवढे. तुमच्या त्या मागच्या खोलीतून दरवर्षी पिल्ले खाडीत सोडली जातात, हे मत्स्यालयाचे खरे काम आहे. बाकीचे प्रदर्शन आहे. ती खोली गेली की ते काम संपले.

आणि ती खोली का जाणार होती, ते त्या मुलीने मला नूतनीकरणासाठी नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालातून वाचून दाखवले. जुन्या नोंदवहीत असे लिहिलेले आढळते की, त्या खोलीतील पहिल्या विणीची अंडी 'कोणताही मानवी हस्तक्षेप न होता, नैसर्गिक कारणाने' नष्ट झाली. त्यावरून सल्लागारांचा निष्कर्ष असा की, त्या खोलीचे पाणी आणि चिखल मुळातच सदोष आहेत. पुढे पिल्ले जगली ती दरम्यान बसवलेल्या नव्या पंपामुळे. सबब खोली ठेवण्याचे कारण नाही, आतले सर्व काढून टाकून जागा निर्जंतुक करावी.

"नोंद तुमच्या हातची आहे, सर," ती म्हणाली. "खाली साक्षीदार म्हणून राखणदाराची सही आहे. माझं मन म्हणतं यात काहीतरी चुकतंय. पण समितीपुढे मन ठेवता येत नाही, कागद लागतो. तुमच्याकडे काही आहे?"

मी म्हणालो, "पाहतो." ती गेल्यावर वाट्या उचलून जागच्या जागी ठेवल्या.

मी मत्स्यालयात रुजू झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्यापाशी प्राणिशास्त्राची पदवी होती. तुमचे घराणे खाडीवरच्या मानशीचे राखणदार; भरती-ओहोटीला उघडझाप करणारा तो बांधातला लाकडी दरवाजा तुमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी सांभाळला होता. पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून पुढे, दोन बसगाड्या बदलून आपण दोघे एकाच रस्त्याने कामावर येत होतो, पण बसमध्ये शेजारी बसल्याचे मला आठवत नाही. तुम्ही मागे बसायचात आणि मी पुढे. तुम्ही माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहात हे मला ठाऊक होते. त्याचा काही परिणाम व्हावा असे मला त्या काळी वाटत नव्हते.

त्या काळातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. एका मोठ्या पाहुण्यांची भेट ठरलेली आहे. आदल्या सकाळी मी हातात यादी घेऊन एकेक टाकी तपासत मागच्या खोलीत येतो. तुमच्या टाकीत काळुंदरांची एक जोडी आहे, तळाला खाडीचा चिखल आहे, आणि चिखलात तिरके रोवलेले एक जुने कौल आहे. शेवाळाने ते हिरवे झाले आहे आणि त्याच्या आतल्या अंगावर मोहरीहून बारीक, तपकिरी दाण्यांचा थर आहे. मी सांगतो, "हे कौल काढून घासा."

तुम्ही जागचे हलत नाही. "कवलाक हात लावू नका, सायबानू."

"कारण?"

"लावू नका म्हणतंय मा."

पिल्लू डोळ्यांना दिसेपर्यंत अंड्यांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही तुमच्या घराची रीत. ती मला पुढे कळली. त्या सकाळी मला एवढेच दिसत होते की हाताखालचा माणूस कारण न देता आदेश नाकारत आहे, आणि ते माझ्या नियमात बसत नव्हते. तुमच्या रीतीत कारण सांगणे बसत नव्हते. आपण दोघेही आपापल्या जागी अगदी योग्य वागलो आणि त्या योग्य वागण्यात त्या अंड्यांचा जीव गेला. मी बाह्या सारल्या, टाकीत हात घातला. जोडीतल्या एकाने माझ्या मनगटावर धडक दिली, पुन्हा दिली. मासा चिडखोर आहे, असे मी मनाशी नोंदवले. कौल बाहेर काढून बादलीत धरले आणि काथ्याने घासून लाल केले. तुम्ही तेव्हा व्हरांड्यात जाऊन उभे राहिला होता. मग खिडकीतले ऊन बादलीत पडले आणि मला दिसले की पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके आहेत. ते डोळे होते. या अवस्थेची आकृती परीक्षेत काढून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

नोंदवहीत कारणाचा रकाना असतो. मी तो भरला. काय भरले ते सल्लागारांनी वाचलेच आहे. साक्षीदाराची सही हवी होती, म्हणून तुम्हाला बोलावले.

"काय लिवलात, सायबानू?"

मी वाचून दाखवले. माझा आवाज स्थिर होता, याची मला आज अधिक लाज वाटते. तुम्ही लेखणी उचललीत. मग म्हणाला, "माशांका वाचूक येणा नाय. घालतंय सही." आणि देवळातल्या शाळेत गिरवलेल्या अक्षरांत, एकेक वेलांटी सावकाश पूर्ण करत, तुम्ही माझ्या असत्याखाली तुमचे नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊन गेले. त्यांना मागची खोली दाखवण्यात आलीच नाही. ते गेल्यावर तुम्ही एक स्टूल आणून टाकीपुढे ठेवले. "बसा हयसर. हात मांडयेर ठेवा." अधीक्षकाला असे सांगितले जात नाही, पण सही तुम्ही केली होती, म्हणून मी बसलो. धुतलेले कौल तुम्ही परत जागेवर रोवले होते. जोडी त्याच्यापुढे उभी होती आणि कल्ल्यांजवळचे पर हलवून त्या कोऱ्या कौलाला वारा घालत होती. एक खायला वर जाई तेव्हा दुसरे जागा घेई. तीन दिवस मी फावल्या वेळात त्या स्टुलावर बसलो आणि तीन दिवस त्यांचे ते काम चालू होते.

"अजून वारो घालतत," मी न विचारता तुम्ही म्हणाला. "घालतले. तेंच्या तेंका कळासर."

त्यांचे त्यांना कळेपर्यंत ती वारा घालत राहतील, एवढेच सांगितलेत; तेवढाच तुमचा रागावण्याचा प्रकार. त्या तीन दिवसांत तुम्ही मला बाकीचे शिकवायला सुरुवात केली. कल्ले किती वेगाने उघडतात त्यावरून पाण्यातले मीठ कसे ओळखावे. भरतीचे पाणी मानशीतून आत येते तेव्हा पहिली लाट जाऊ देऊन दुसऱ्या लाटेचे का भरावे. कौल नवे का चालत नाही, आणि पाण्यात एकदा बसलेले कौल कधीच का धुवायचे नाही. मी वही काढली तेव्हा तुम्ही ती मिटवायला लावलीत. "पाण्याक घाई नाय असता. आधी बगा. मगे लिवा." पुढच्या सर्व नोकरीत मला जे थोडेफार येत होते ते त्या स्टुलावर आले. माझ्या पदवीने मला त्या माशाचे शास्त्रीय नाव दिले होते. तो मासा तुम्ही दिला.

सध्या मी सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराकडून रोज चार उंडे घेतो. एकाला दोन पुरतात. दोन शिळे होतात, हे ठाऊक असते आणि तरी दुसऱ्या सकाळी सायकलचा भोंगा वाजला की मी चार म्हणतो. त्यावर अधिक लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

पुढच्या वर्षी त्याच जोडीने पुन्हा अंडी घातली. तुम्ही काही बोलला नाही, मीही बोललो नाही. खोलीच्या दारावर मात्र मी 'प्रवेश बंद' अशी पाटी लावली. एका सकाळी तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन नुसते म्हणाला, "आता बोला." जोडीने चिखलात केलेल्या खळग्यावर पिल्लांचा एक ढग होता आणि त्याच्या दोन बाजूंना ती दोघे. ती पिल्ले मोठी झाल्यावर तुमच्या गावच्या मानशीपाशी सोडायला आपण गेलो तेव्हा पत्नीही आली. ती खाणींच्या भागातल्या पाळी गावची. तिच्या माहेरचा ओढा खाणीच्या मातीने पावसाळाभर लाल वाहायचा. त्यात हात घातला तर हात दिसत नसे, मासा कुठला दिसायला, असे ती म्हणे. तिने कळशी वाकवून पिल्ले ओतायला सुरुवात केली आणि तुम्ही तिचा हात थांबवला.

"ओतू नका, वयनीनू. कळशी आडवी करा नि गप रवा. तेंच्या पायांन जावंदेत."

"माशांना पाय कुठले, भाऊ?"

"म्हणान तर येळ लागता."

ती इतकी हसली की कळशी हलली आणि तुम्ही तिला दटावलेत. अर्धा तास आपण तिघे बांधावर बसून होतो. शेवटचे पिल्लू दोनदा बाहेर डोकावून परत आत गेले आणि तिसऱ्या वेळी गेले ते गेले.

त्यानंतर तुम्ही घरी येऊ लागला. येताना पानात गुंडाळलेली काळुंदरे आणायचात आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून ती कशी करावीत यावर तिच्याशी वाद घालायचात. टाकीत ज्यांच्यासाठी आपण जीव टाकतो तीच ताटात कशी, असे मी एकदा विचारले. तुम्ही तिच्याकडे पाहून उत्तर दिले, माझ्याकडे नाही. "राखून खाता तो धनी, वयनीनू. न राखता खाता तो चोर. सायबाक वाडा." तिने वाढले, मी खाल्ले. त्या ओळीची मी पुढे सरकारी अहवालांत किती वेगवेगळी रूपांतरे केली याची तुम्हाला कल्पना नसेल. जैविक वारसा आणि शाश्वत वापर असे शब्द जिथे जिथे मी लिहिले, तिथे तुमचे हे वाक्य नीटनेटके कपडे घालून उभे आहे.

आता जे सांगायचे ते. नोंदवहीतली ती गोष्ट आपल्या दोघांपलीकडे कोणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. तुम्ही गेल्यावर ती एकट्या माझ्याजवळ राहिली असे मी धरून चाललो. पत्नीच्या आजाराच्या शेवटच्या दिवसांत, एका दुपारी, मी तिला औषध देत असताना चमचा बाजूला सारून ती म्हणाली, "त्या कौलाचं एकदा लिहून टाका हो."

"कोणत्या कौलाचं?"

"माझ्यापुढे तरी असं विचारू नका. भाऊ घरी येऊ लागले त्याच वर्षी त्यांनी सांगितलं होतं मला, स्वयंपाकघराच्या दारात बसून. मी म्हटलं, विचारते यांना. तर म्हणाले, 'सायबाक काय इचारू नका. शिकता हा तो.'"

ती एवढी वर्षे गप्प राहिली. माझ्या निरोपसमारंभात लोक माझ्या काटेकोर नोंदींची स्तुती करत होते तेव्हा ती पहिल्या रांगेत बसून हार सांभाळत होती, आणि तिला सारे ठाऊक होते. मला या गोष्टीचा राग येईल असे वाटले होते, आला नाही. आपल्याला ताठ उभे राहता यावे म्हणून दोन माणसांनी इतकी वर्षे तोंड मिटून ठेवले, यावर रागावता येत नाही. मी तिला म्हणालो, "बघू." तिच्याशी केलेले माझे शेवटचे नीट संभाषण ते. तिच्या जाण्यानंतरही मी ते लिहिले नाही. नकाशा आला तेव्हा ते लिहायचे राहिलेलेच होते.

मुलगी येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी निवेदन लिहिले. दीड पान झाले. अंडी मी स्वतः घासून काढली. राखणदाराने मला आधी रोखले होते. नोंद मी जाणूनबुजून खोटी केली आणि त्यांची सही माझ्या अधिकाराच्या दबावाखाली घेतली. त्या खोलीच्या पाण्यात कोणताही दोष नव्हता आणि नाही. तुमचा उल्लेख करताना 'राखणदार' लिहिले, खोडले, 'ज्यांनी मला हे काम शिकवले ते राखणदार' असे लिहिले. खाडाखोड केलेला कागद मी जन्मात कोणाला दिला नव्हता. तो तसाच दिला.

समितीची बैठक मत्स्यालयाच्या दालनात झाली. सल्लागार सभ्य गृहस्थ होते. निवेदन वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "मग इतकी वर्षं ही नोंद तशीच का ठेवली, सर?" मी म्हणालो, "दुरुस्त करण्यासाठी ती माझी चूक आहे असे लिहावे लागले असते." कोणी हसले नाही, कोणी रागावलेही नाही. त्यांनी अहवालाची पाने उलटली आणि आपला निष्कर्ष ज्या नोंदीवर उभा होता तीच नोंद गेली, असे मोकळेपणाने मान्य केले. मागची खोली राहणार आहे. एक तृतीयांश जागा कमी होईल, कॉफी शॉप प्रवेशद्वाराशी जाईल. काम चालू असेपर्यंत जोड्या, चिखल आणि कौले ओली असतानाच तुमच्या गावच्या मानशीआतल्या तळीत नेऊन ठेवायची आहेत, आणि तुमच्या वाड्यावरच्या लोकांनी त्यांची राखण पत्करली आहे. कंत्राटाच्या अटींत सल्लागारांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: कौले कोणत्याही परिस्थितीत घासू नयेत. मोठ्या इमारतींच्या कंत्राटात अशी ओळ कधी आली असेल असे मला वाटत नाही. तुम्ही असता तर ती मला दोनदा वाचायला लावली असती.

हे पत्र मी कोठे टाकणार, याचा विचार केला नाही असे नाही. मानशीपाशी पाण्यात सोडावे असे एकदा मनात आले. पण पाण्यात कागद टाकलेला तुम्हाला चालला नसता. तेव्हा ते टेबलाच्या खणात राहील. तुमचे आभार मानायचे होते. कौल धुतल्यानंतर मला जे शिकवलेत त्याबद्दल, आणि तिला जे गप्प राहायला सांगितलेत त्याबद्दल त्याहून अधिक. ते मानून झाले. एक गोष्ट उरते, ती लिहून थांबतो.

बैठकीनंतर ती मुलगी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "सर, एवढं खरं लिहायला धैर्य लागतं. खोली तुमच्यामुळे वाचली." तिला सांगायला हवे होते की खोली तुमच्यामुळे वाचली, आणि औषधाचा चमचा बाजूला सारणाऱ्या बाईमुळे वाचली; सल्लागारांनी ती नोंद उकरून काढली नसती, तर मी ती तशीच ठेवून मेलो असतो. म्हापशाची बस समोर येऊन थांबली होती, हे खरे. पण न सांगण्याचे कारण ते नव्हे. कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्याविषयी चांगले बोलत होते. मी "आभारी आहे" म्हणालो आणि बसमध्ये चढलो.